दोन पॉइंट नऊची प्रज्ञा

प्रज्ञा मेश्राम घाबरली की तसं सांगायची. आपण भूक लागली म्हणतो, पाय दुखतात म्हणतो, तितक्या सरळपणे. "ताई, भीती वाटून राहिली," असं म्हणायची, उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवायची, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अर्धं मिनिट गप्प उभी राहायची आणि मग नाडीचा आकडा सांगायची. "एकशे आठ." एवढं झालं की ज्या कामाला ती घाबरली होती, तेच काम करायला निघून जायची.

घाबरलेली माणसं तेव्हा आमच्या आजूबाजूला पुष्कळ होती. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, सिंगापूरला राहणारा प्रत्येक जण मनातून थोडा घाबरलेलाच असायचा. नोकरी गेली की तीस दिवस. तेवढ्यात दुसरी मिळाली तर ठीक, नाही तर मुलांची शाळा आणि भाड्याचं घर गुंडाळून परत. पण हे कुणी बोलत नसे. आम्ही कार्यक्रमांना जायचो, नव्या कॅमेऱ्यांबद्दल आणि बालीच्या सहलींबद्दल बोलायचो. भीतीचं नाव घेणारी मला भेटलेली एकटी प्रज्ञाच.

२००५ साली आम्ही वुडलँड्सला बाराव्या मजल्यावर राहत होतो. हेमंत आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमधले, पुण्याचे. फ्लॅटमधली एक खोली रिकामी होती, ती एखाद्या मराठी मुलीला द्यावी म्हणून ओळखीत निरोप ठेवला होता. एका शनिवारी दुपारी ही आली. तेवीस वर्षांची, बुटकी, पाठीवर शाळकरी वाटावी अशी पिशवी. आत पाऊल ठेवण्याआधी तिनं दोन प्रश्न विचारले. पहिला, "खिडक्यांना ग्रिल आहे ना? मला उंचीची भीती वाटते." दुसरा विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "आडनाव मेश्राम. नागपूरचे बौद्ध आहोत आम्ही. चालेल ना, ताई?"

"अगं, असं काय विचारतेस!" मी घाईघाईनं म्हटलं. पुढे कधीतरी कळलं की त्याआधी तिची तीन घरं बघून झाली होती. तिन्ही मराठी. तिन्ही ठिकाणची खोली नेमकी आदल्याच दिवशी गेली होती.

ती राहायला आली आणि हळूहळू तिच्या सवयी आमच्या घराला लागल्या. तिच्या खोलीत दोन गजरांची घड्याळं होती आणि तिसरा गजर मोबाइलमध्ये. नऊला कुठं पोचायचं असेल तर ती आठला तिथं असे आणि पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसून काढी. टपालाचं तिचं प्रकरण वेगळंच होतं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सगळ्यांच्या लेटरबॉक्सची रांग होती. आमचा बॉक्स उघडताना ती मान दुसरीकडे वळवायची, हातानं चाचपून पाकिटं काढायची आणि न बघता माझ्या हातात द्यायची. "माझं काही आहे का, तुम्हीच सांगा." असलं तर ते पाकीट ती घरात येऊन, दाराजवळ उभी राहून, पायांतले बूट न काढता वाचायची.

"बूट का नाही काढत?" मी एकदा विचारलं.

"निघायला सांगितलं असलं तर?" ती म्हणाली. ती हसली नाही, म्हणून मीही हसले नाही.

ती एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळेत काम करायची. तिथं उंदरांवर प्रयोग चालत. प्रज्ञा उंदरांना भयंकर घाबरायची. सोमवारी सकाळी चहा घेताना तिच्या कपाळावर घाम दिसायचा. आणि तरी सगळ्यात नाजूक कामं तिलाच देत, कारण उंदराच्या शेपटीतल्या दोऱ्याएवढ्या शिरेत सुई घालावी तर तिनंच. तिचे साहेब इतरांना तिच्या टेबलाशी उभं करून तिचे हात बघायला सांगत. मी तिला म्हटलं, "एवढी घाबरतेस, मग हात कसे नाही थरथरत?"

ती स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "त्यांना मी अजून सांगितलंच नाही ना ताई, घाबरायचं म्हणून."

तिच्या मार्कांची गोष्ट मला कळायला सहा महिने लागले. एका रविवारी कपाट आवरताना तिनं एक कागद आणून माझ्यासमोर ठेवला. पदवीची गुणपत्रिका. जीपीए पाचपैकी दोन पॉइंट नऊ. दुसऱ्या वर्षाच्या ओळींत दोन विषयांपुढे नापास, बाकी कसंबसं पास. शरीरक्रियाशास्त्रात तर ती दोनदा बुडाली होती.

बारावीनंतर शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन ती सिंगापूरला आली, तेव्हा उत्तर नागपुरातल्या तिच्या वस्तीत लोकांनी पेढे वाटले होते. वडील रेल्वेत फिटर, आई बालवाडीत शिकवायची. मुलगी विमानानं शिकायला गेली. पहिल्या वर्षी तिनं वर्गात एक प्रश्न विचारला. सर म्हणाले, "पार्डन?" तिनं पुन्हा विचारला. "पार्डन?" तिसऱ्यांदा विचारला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी तिच्या उच्चारांची नक्कल केली आणि तीनशे मुलं हसली. त्यानंतर दोन वर्षं ती वर्गात बोलली नाही. काही कळलं नाही तरी विचारलं नाही. न कळलेलं साठत गेलं. शेवटी एका पेपरला प्रश्नपत्रिका हातात आली, अक्षरं दिसत होती पण वाचता येईनात, आणि वीस मिनिटांनी ती उठून बाहेर आली. आठवड्यानं पत्र आलं: प्रगती समाधानकारक नसल्यास शिष्यवृत्तीचा फेरविचार करण्यात येईल. पाकिटांचं भय तेव्हापासूनचं.

"घरी सांगितलंस?"

"बाबा फोनवर दर वेळी एकच विचारायचे. जेवलीस का? मी म्हणायची, हो. खोटं नव्हतं ना ते."

पुढची दोन वर्षं तिनं पाठांतराच्या जोरावर कशीबशी भरून काढली आणि पदवी हातात पडली. कागदाची घडी घालताना ती म्हणाली, "ताई, मला डॉक्टर व्हायचं होतं. आता कुणाला सांगायचीही सोय नाही."

या इच्छेला पुन्हा वाट फुटली ती तुआसमुळे. तिच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक कागद लावला होता: रविवारच्या मोफत दवाखान्यासाठी हिंदी बोलणारी माणसं हवीत. तुआसच्या बाजूला गोदीत आणि कारखान्यांत काम करणारे हजारो मजूर राहत. त्यांच्यासाठी टॅन नावाच्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई एका हॉलमध्ये दवाखाना चालवत. प्रज्ञा तिथं दुभाषी म्हणून जायला लागली. माझा एक रविवार मोकळा होता म्हणून मीही गेले, नावं लिहून घ्यायला.

त्या दिवशी पाहिलेलं मला अजून जसंच्या तसं आठवतं. बिरेंदर नावाचा बिहारचा एक वेल्डर सर्दीचं औषध मागायला आला होता. टॅनबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या, तो जायला वळला. प्रज्ञा उठून त्याच्या वाटेत उभी राहिली. "भैया, बायाँ हाथ?" मग माझ्या लक्षात आलं. आल्यापासून त्याचा डावा हात पँटच्या खिशात होता. नाव सांगताना, गोळ्या घेताना, सगळ्या वेळी.

"कुछ नहीं है, दीदी."

"मुझे भी डर लगता है," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज़ लगता है. दिखाइए."

मग त्यानं हात काढला. भाजल्याची जखम होती, आठवड्यापूर्वीची. तळवा सुजून फुगला होता, चिंधीतून पू येत होता आणि मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढली होती. त्यानं ती लपवली होती, कारण त्याच्या खोलीतल्या ज्या माणसाला त्याआधी लागलं होतं, त्याला पुढच्या आठवड्यात विमानात बसवून दिलं होतं.

टॅनबाईंनी रेघ पाहिली आणि म्हणाल्या, "हॉस्पिटल. आत्ता." पण दारात मजुरांना घेऊन आलेला सुपरव्हायझर उभा होता, आडव्या बांध्याचा, हातात किल्ल्यांचा जुडगा. "टुमॉरो, लाह. कंपनी डॉक्टर कॅन सी. टुडे रेस्ट फर्स्ट." बाई दुसऱ्या पेशंटकडे वळलेल्या. बिरेंदरनं हात परत खिशात घालायला घेतला.

"नो," प्रज्ञा म्हणाली. तिचा आवाज मध्येच फाटला. ती त्या माणसाच्या छातीएवढी होती. "नो. नाऊ. ही विल लूज द हँड." मग तिनं माझ्याकडे बघून मराठीत म्हटलं, "ताई, टॅक्सी बोलवा, माझे पाय कापून राहिले." पण ती दारातून बाजूला झाली नाही. शेवटी सुपरव्हायझरच काहीतरी पुटपुटत बाजूला झाला.

टॅक्सीत बिरेंदर मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. तो रडत होता ते दुखण्यानं की नोकरी जाईल म्हणून, ते समजायला मार्ग नव्हता. हात वाचला. दोन बोटं गेली. पुढे चार महिन्यांनी त्याला परत पाठवलं, असं उडत उडत कळलं. ते ऐकल्यावर प्रज्ञा दोन दिवस नीट जेवली नाही. "मीच काढायला लावला ना हात खिशातून," असं एकदाच म्हणाली.

टॅनबाईंनीच तिला सांगितलं की पदवीधरांना डॉक्टर करणारं एक नवं कॉलेज सुरू होतंय, तू अर्ज कर. प्रज्ञानं गुणपत्रिका नेऊन दाखवली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली. "व्हेरी बॅड," त्या म्हणाल्या. "अप्लाय एनीवे."

प्रवेशपरीक्षा होतीच, शिवाय अर्जाबरोबर निबंध द्यायचा होता: तुम्ही कोण आहात, इथं का यायचंय, आणि मार्क कमी असतील तर त्याचं कारण. माझं इंग्रजी बरं, म्हणून तो मी लिहून देते म्हटलं. इथं मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. कमी मार्कांना 'घाबरले' हे काही कारण होऊ शकतं, असं मला वाटलंच नाही. मी तिच्या वडिलांना आजारी पाडलं. दुसऱ्या वर्षात वडिलांना हृदयविकार, मुलगी परदेशात, फोनची वाट बघत काढलेले दिवस, अभ्यासावर झालेला परिणाम. सुंदर उतरला होता. हेमंत वाचून म्हणाला, डोळ्यांत पाणी येतं गं.

प्रज्ञानं तो उभ्यानं वाचला, पत्रं वाचायची तसाच. मग टेबलावर ठेवला.

"बाबा ठणठणीत आहेत, ताई."

"ते इथं कोण बघायला जातंय?"

"त्यांना आजारी पाडून मी डॉक्टर कशी होऊ?"

तिनं स्वतः लिहिलं. पाच ओळी होत्या फक्त मार्कांबद्दल. मला भाषा समजत नव्हती, मी विचारायला घाबरले, म्हणून नापास झाले, घरी कुणी आजारी नव्हतं. ते 'घरी कुणी आजारी नव्हतं' मी तिला काढायला लावलं. तेवढं तिनं ऐकलं.

पहिल्या वर्षी मुलाखतीलाही बोलावलं नाही. पाकीट पातळ होतं. ती बूट घालून दारात उभी होती आणि वाचून झाल्यावर पुन्हा बाहेर गेली, लिफ्ट असूनही बारा मजले जिन्यानं उतरली आणि दोन तासांनी तशीच चढून आली. मला वाटलं, आता हे संपलं. आठवड्यानं ती म्हणाली, "त्यांना फोन करून विचारायचं आहे, काय कमी पडलं म्हणून."

त्या फोनची तालीम आम्ही पाच दिवस केली. मी कॉलेजातली बाई व्हायचे, ती प्रज्ञा. मी मुद्दाम "पार्डन?" म्हणायचे. पहिल्या दिवशी तिनं तिथंच फोन ठेवला. पाचव्या दिवशी तिनं न थांबता तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगितलं. खरा फोन तिनं स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ टेकून केला. पलीकडची बाई बरी निघाली. म्हणाली, जुने मार्क कुणाला पुसता येत नाहीत. पण त्याच विषयांत तुम्ही आज काय करू शकता, ते दाखवा. प्रवेशपरीक्षाही पुन्हा द्या.

म्हणजे जो विषय दोनदा बुडाला होता, तोच पुन्हा, आणि नापास झालेला दुसराही. संध्याकाळच्या वर्गात तिनं नाव घातलं. दिवसभर उंदीर, संध्याकाळी शरीरक्रियाशास्त्र, रविवारी तुआस. वर्गात पहिल्या दिवशी हात वर करून प्रश्न विचारला, तो घरी आल्यावर मला म्हणून दाखवला. किडनीबद्दल काहीतरी होता. मला त्यातलं काही कळलं नाही. पण ती तो प्रश्न तीनदा म्हणाली.

त्याच वर्षी दिवाळीत हेमंतच्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांच्या कॉन्डोत, महागड्या खासगी संकुलात, फराळाला आम्ही तिलाही नेलं. त्यांचं नाव लिहीत नाही. कुणीतरी कौतुकानं सांगितलं, ही डॉक्टर होणार आहे. त्यांनी मार्क विचारले. प्रज्ञाला खोटं सुचत नसे, ती म्हणाली, "दोन पॉइंट नऊ." गृहस्थ हसले. नाव, आडनाव, नागपूर, सगळं त्यांना आधीच कळलेलं होतं. चकलीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "इथे मार्कच बघतात हो. आपल्याकडच्यासारखी सोय नाही इथे."

चार-पाच जणांनी ऐकलं. कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. मी बोलले नाही. ती सिंगापूरला कशी आली, किती मुलांमधून निवडली गेली, मला सगळं माहीत होतं, आणि ते माहीत नसतं तरी बोलायचं होतं. मी वाटीतला चिवडा बघत बसले. ते हेमंतचं वार्षिक मूल्यमापन लिहिणारे गृहस्थ होते.

"हो," प्रज्ञा म्हणाली, अगदी स्पष्ट. "मार्कच बघतात. म्हणून तीच परीक्षा पुन्हा देऊन राहिली मी."

हेमंत निरोप घेत मागे राहिला होता. लिफ्टमध्ये तिनं मनगट धरलं. "एकशे तीस."

"मी बोलायला हवं होतं," मी म्हटलं.

माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, जाऊ द्या हो ताई. ती म्हणाली, "हो. बोलायला पाहिजे होतं."

दुसऱ्या खेपेला मुलाखतीचं पत्र आलं. संध्याकाळच्या दोन्ही विषयांत तिला ए मिळाला होता, प्रवेशपरीक्षाही चांगली गेली होती; पण गुणपत्रिकेवरचा आकडा होता तिथंच होता. मुलाखतीच्या सकाळी मी रजा घेऊन तिच्याबरोबर निघाले. एमआरटी मेट्रोत तिचा चेहरा राखेसारखा झाला. अँग मो किओ स्टेशनला ती धडपडत उतरली आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला कचऱ्याच्या डब्यात ओकली. मी पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "परत जाऊ या का?"

"काहून?" तिनं तोंड पुसलं. "आपण एक तास लवकर निघालोय ना. यासाठीच तर निघते मी लवकर."

मी बाहेर बसले. चाळीस मिनिटं. आत तीन जण होते, हे तिनं नंतर सांगितलं. अर्धा वेळ गुणपत्रिका टेबलावर मधोमध. दुसऱ्या वर्षाचं काय झालं, असं एका वयस्कर सर्जननं विचारलं.

"मी म्हटली, घाबरले होते. ते म्हणाले, आता नाही घाबरत? मी म्हटली, आत्ता सुद्धा घाबरलेली आहे."

"असं म्हणालीस?"

"मग ते म्हणाले, उद्या पेशंटसमोर घाबरलीस तर? मी म्हटली, घाबरेन. पण मला जे कळलं नाही ते विचारेन. तेव्हा मी घाबरल्यानं नापास नाही झाले, गप्प बसल्यानं झाले."

"मग? काय म्हणाले ते?"

"काही नाही. लिहून घेतलं. हसलं नाही कुणी." ती स्टेशनच्या जिन्याकडे वळली. "ताई, गेलं वाटते हे पण."

तीन आठवड्यांनी पत्र आलं: प्रतीक्षा यादी. नकारापेक्षा हे वाईट होतं. त्यातच तिच्या साहेबांच्या प्रकल्पाची मुदत संपली, नवा मंजूर झाला नाही, आणि तिची नोकरी महिनाअखेर संपेल असं कळलं. म्हणजे मग ते तीस दिवस. मी रोज ऑफिसातून येताना लेटरबॉक्स आधी स्वतः बघायचे. काही नसलं की हायसं वाटायचं आणि तरी पुन्हा एकदा आत हात घालून बघायचे. प्रज्ञानं बॅग भरायला घेतली. पुस्तकं हेमंतच्या ओळखीच्या एका मुलीला दिली. उंदरांचं काम मात्र शेवटच्या दिवसापर्यंत नेमानं केलं.

तीस दिवसांतले एकोणीस गेले होते. शनिवार होता, सकाळचे जेमतेम अकरा. ती भाताला फोडणी देत होती आणि मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. ती बघत राहिली, तो वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. "तुम्ही घ्या," ती म्हणाली. मी हात पाठीमागे नेले. मला वाटलं, मी घेतला आणि नकार असला, तर तो माझ्या तोंडून तिला ऐकावा लागेल. ती भीती मला पेलवली नाही, एवढंच त्याचं कारण. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं घेतला.

"येस. स्पीकिंग." "पार्डन?" ती म्हणाली. आणि पुन्हा एकदा, "सॉरी, पार्डन?"

कुणीतरी जागा सोडली होती. हिला दिली होती. फीसाठी कॉलेजचा मदतनिधी होता, त्याचे कागद सोमवारी न्यायचे होते. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली. फोडणी जळत होती. मी गॅस बंद केला. तिनं नागपूरला फोन लावला, बाबांना म्हणाली, "बाबा, मिळालं," आणि पलीकडून त्यांनी जे विचारलं असेल त्याला म्हणाली, "नाही, अजून नाही जेवली." मग माझ्याकडे मान वर करून बघितलं. चेहऱ्यावर आनंद होता असं मला म्हणता येणार नाही. प्लॅटफॉर्मवर होता तसाच तो चेहरा होता.

"आता मी चुकले तर माणूस मरेल, ताई," ती म्हणाली.

त्या ऑगस्टमध्ये ती वसतिगृहात गेली. आम्हीही पुढे सेंगकांगला मोठ्या घरात गेलो. सणावारी फोन व्हायचे, तेही कमी होत गेले. २००९ च्या अखेरीस आम्ही कायमचं पुण्याला परतायचं ठरवलं. निघायच्या आधी तिला भेटावं म्हणून मी फोन केला. तिची तेव्हा वॉर्डातली पाळी सुरू होती. दुपारी अर्धा तास मिळेल म्हणाली. हॉस्पिटलसमोरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, भेटायचं ठरलं. घर आवरत होते, तिच्यासाठी माझा तीन लिटरचा कुकर घेऊन गेले.

ती आली तेव्हा मी आधी ओळखलं नाही. केस कापले होते. आखूड पांढरा कोट, खिशात तीन पेनं, एक छोटी वही. डोळ्यांखाली काळं. तिनं सूपमधल्या नूडल्स घेतल्या आणि खाल्ल्या नाहीत. हेमंत कसा आहे, पुण्यात कुठे राहणार, सगळं नीट विचारलं. मग म्हणाली, "मंगळवारी एक आजी गेल्या आमच्या वॉर्डात. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. सकाळी मी त्यांना तपासलं. मला काहीतरी वेगळं वाटलं होतं श्वासात. मी रेसिडेंट डॉक्टरांना विचारलं. ते येऊन बघून गेले, म्हणाले ठीक आहे. दुपारी गेल्या."

"तू विचारलं होतंस ना?"

"विचारलं होतं." ती चॉपस्टिकनं नूडल्स एका बाजूला सारत होती. "दुसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं का, हे कळून नाही राहिलं."

मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. तुझी काय चूक, तू अजून विद्यार्थी आहेस, आजींचं वय झालं होतं. त्यातलं काहीही खरं आहे की नाही, मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याला ती विचारेल. मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

तिचा फोन वाजला. तिनं लगेच घेतला, ऐकलं, "कमिंग" म्हणाली आणि उभी राहिली. "ताई, जाते. नीट जा." वाकून माझ्या पायांना हात लावू गेली, तो मी अर्ध्यात धरला. क्षणभर आम्ही एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. तिचे थंडगार होते.

रस्त्यावर सिग्नल लाल होता. ती कडेला थांबली, गाड्यांकडे बघत, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. एक ॲम्ब्युलन्स आवाज करत आली आणि वळून आत गेली. सिग्नल बदलला. पहिली चार पावलं ती चालली, मग पळायला लागली. कोट मागे उडत होता, खिशातलं एक पेन रस्त्यावर पडलं, ते उचलायला ती थांबली नाही. फाटकातून आत गेली आणि दिसेनाशी झाली.

कुकर टेबलावरच राहिला होता. मी हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी मारली नाही.